तरुणांची गाणी आणि घराची ताटी

(भंडारा जिल्ह्यातील पालक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांच्या एकत्रित मेळाव्यात एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



'आजच्या तरुणांची गाणी आणि कुटुंब' असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. तो देताना त्यांच्या मनात काय असावे, याचा मला अंदाज आहे. वरातीत छाती धडधडविणारा डीजे, कानाला चिकटलेले हेडफोन, आणि 'हे काय ऐकतोस रे?' या प्रश्नाला मिळणारे मौन. या सर्वांचा वक्त्याने खरपूस समाचार घ्यावा, पालकांनी माना डोलवाव्यात आणि चहापाणी होऊन आपण आपापल्या घरी जावे, अशी एक रीतच पडून गेली आहे. परंतु आवाजाच्या तक्रारीला कायदा आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आपल्याकडे लागू आहे. तो पाळला जात नसेल तर ते काम ठाणेदाराचे. मला बोलायचे आहे ते शब्दांविषयी. ही मुले जी गाणी ऐकतात, त्यांत घराविषयी नेमके काय म्हटलेले असते, हे आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे?

पाश्चात्त्य संगीतात 'डान्स-रॉक' नावाचा एक प्रवाह आहे. गिटारीचा कर्कश स्वर आणि त्याखाली यंत्रासारखा न थांबणारा नाचाचा ठेका, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल. १९८० च्या आसपास तो इंग्लंड-अमेरिकेत रूढ झाला. आपल्याकडील मुलांच्या हाती तो मोबाईलमधून आला, आणि मोबाईलमध्ये गाणे जुने होत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे गाणे आणि कालचे गाणे तेथे शेजारी शेजारी राहतात. या प्रवाहातील गाणी वरवर ऐकली तर धांगडधिंगा वाटतो. शब्दांकडे लक्ष दिले की माणूस दचकतो. बापाची दारू, आईचे अबोलणे, मोडलेला संसार, मुलाला अपराध्यासारखे वागविणारी शाळा, दार आपटून घराबाहेर पडलेली मुलगी. आपल्या अपेक्षेप्रमाणे दुःख संथ लयीत असावे. येथे ते द्रुत लयीत आहे आणि त्यावर हजारो मुले नाचत आहेत.

या परंपरेच्या थोडे मागे जातो. फेब्रुवारी १९६७ मध्ये लंडनच्या 'डेली मेल'मध्ये एक बातमी आली. सतरा वर्षांची, सुखवस्तू घरातील एक मुलगी घर सोडून निघून गेली होती. एवढ्याशा बातमीवरून बीटल्स या चौकडीने 'शीज् लिव्हिंग होम' हे गाणे रचले. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या विख्यात 'सार्जंट पेपर' या तबकडीत ते आहे. या गाण्याची रचना पाहण्यासारखी आहे. मुलगी पहाटे निघून जाते, ती हकीकत एक आवाज सांगतो. त्याच वेळी दुसरा आवाज आईबापांची बाजू गातो. आम्ही हिच्यासाठी आयुष्य वेचले, पैशाने मिळेल ते सारे दिले, मग आमचे चुकले कुठे, असा त्या दुसऱ्या आवाजाचा आशय. ही आईबापांची बाजू गाणारा जॉन लेनन स्वतः मावशीकडे वाढलेला. बाप सोडून गेलेला, आई १९५८ मध्ये रस्त्यावरील अपघातात गेलेली.

पत्रकार म्हणून मला या बातमीचे आश्चर्य वाटत नाही. ती मी इतक्यांदा लिहिली आहे की आता डोळे मिटूनही लिहीन. 'घरी कोणास काही एक न सांगता निघून गेला.' 'आई रागावल्याचा राग मनात धरून.' 'मोबाईल घेऊन दिला नाही म्हणून.' पोलीस ठाण्यात दोन ओळी मिळतात, आम्ही त्यांच्या चार ओळी करतो. वय अठराच्या आत असेल तर अपहरणाचा गुन्हा नोंदवला जातो. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेपत्ता बालकांच्या बाबतीत गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिल्यापासून ही पद्धत पक्की झाली. पूर्वी दंड संहितेचे कलम ३६३ लागे, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे कलम १३७ लागते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हे योग्यच आहे. पण बातमीत मग 'अज्ञात इसमाने फूस लावून पळविले' असे छापून येते. अज्ञात इसम बहुतेक वेळा नसतोच. वरठीच्या स्थानकावर मुंबई-हावडा मार्गावरील गाड्या थांबतात, आणि रागावलेल्या मुलाला गाडीत बसण्यासाठी कोणाच्या फुशीची गरज नसते. आपल्या कागदावर 'मूल स्वतःहून गेले' असा रकानाच नाही. तो रकाना या गाण्यांनी भरला आहे, म्हणून ती गंभीरपणे ऐकावीत असे मी म्हणतो.

बीटल्सनंतर बारा वर्षांनी, १९७९ मध्ये, पिंक फ्लॉइड या समूहाची 'द वॉल' ही तबकडी आली. लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सचा बाप १९४४ मध्ये इटलीतील लढाईत मारला गेला, तेव्हा हे मूल काही महिन्यांचे होते. बापाचे नसणे, आईचे गुदमरविणारे प्रेम आणि शाळेतील शिक्षकांची कठोरता, ही त्या भिंतीची एकेक वीट आहे अशी कल्पना. त्यातील शाळेविरुद्धचे गाणे लंडनच्या एका शाळेतील मुलांकडूनच गाऊन घेतले होते. निर्माता बॉब एझ्रिन याने आग्रह धरून त्याला त्या काळच्या डिस्को नाचाचा ठेका लावला, आणि त्या ठेक्यावर ते जगभर गेले. १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शाळकरी मुले वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध बहिष्कार घालताना ते गाऊ लागली, तेव्हा तेथील सरकारने त्यावर बंदी घातली.

आता ज्या गाण्यांविषयी मुख्यतः बोलायचे आहे, ती. इंग्लंडमधील बाथ या गावात रोलंड ऑर्झबल आणि कर्ट स्मिथ हे दोन मित्र होते, दोघेही १९६१ चे जन्मलेले आणि दोघांचेही बालपण विस्कटलेल्या घरांत गेलेले. त्यांच्या हाती अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आर्थर जेनोव्ह याची पुस्तके पडली. बालपणी आईबापांकडून झालेली जखम माणूस मनात दाबून ठेवतो. ती किंचाळून, रडून बाहेर काढली की तो बरा होतो, असे जेनोव्हचे म्हणणे. १९७० मध्ये लेननने हाच उपचार घेतला होता आणि त्यानंतर 'मदर' हे आईबापांना उद्देशून गाणे केले होते. मुख्य प्रवाहातील मानसशास्त्राने या उपचाराला पुराव्याअभावी कधी मान्यता दिली नाही. पण वीस वर्षांच्या या दोघा मुलांना त्यात आपले घर दिसले. त्यांनी आपल्या समूहाचे नावच जेनोव्हच्या पुस्तकातून घेतले, 'टिअर्स फॉर फिअर्स', म्हणजे भीतीच्या मोबदल्यात अश्रू. १९८३ मध्ये त्यांची पहिली तबकडी आली, 'द हर्टिंग'. मुखपृष्ठावर डोके हातांत धरून बसलेले एक लहान मूल आहे. ती इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली.

त्यातील 'मॅड वर्ल्ड' हे गाणे एक वर्ष आधी, १९८२ मध्ये निघाले होते. वाढदिवसाला आनंदाची वाट पाहणारी मुले आणि शाळेत कोणीही न ओळखणारा विद्यार्थी, असे त्याचे चित्र. ठेका मात्र नाचाचा, आणि लोक नाचलेही. पुढे २००१ मधील एका अमेरिकी चित्रपटासाठी मायकेल अँड्र्यूज आणि गॅरी ज्यूल्स यांनी तेच गाणे ठेका काढून, मुख्यतः पियानोवर, संथ लयीत केले. शब्द तेच. २००३ च्या नाताळात ते इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. ठेका होता तेव्हा ते नाचाचे गाणे होते; ठेका निघाला आणि एका मुलाचे रडणे उघडे पडले.

एक गंमत जाता जाता सांगतो. या दोघांची पुढे जेनोव्हशी भेट झाली, तेव्हा त्याला त्यांच्याकडून एक संगीतिका लिहून हवी होती म्हणे. दोघांचा भ्रमनिरास झाला. गुरू पारखून घ्यावा, हे बाथ गावातही खरे आहे. आज हे दोघे साठी ओलांडलेले आणि स्वतः बाप झालेले गृहस्थ आहेत.

येथे आपल्यातील काही मंडळी हात झटकतात. हे पश्चिमेचे आजार आहेत, तिकडे कुटुंबव्यवस्था ढासळली, घटस्फोट वाढले, म्हणून तिकडे अशी गाणी होतात. आपल्याकडे एकत्र कुटुंबाची परंपरा आहे, संस्कार आहेत, असे ते सांगतात. कुटुंब हा आपल्या समाजाचा कणा आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु आपल्या घरांतील कलह आपण गायलो नाही, हे म्हणणे सपशेल खोटे आहे. आपण तो गायलो, आणि नाचून गायलो.

आपल्या विदर्भातील भुलाबाई घ्या. भाद्रपद पौर्णिमेला मातीचे भुलोबा-भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वती, घरी यायचे आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर आळीतल्या मुली रोज संध्याकाळी गाणी म्हणायच्या. येथे बसलेल्या माता-भगिनींना ती पाठ असतील. पश्चिम महाराष्ट्रात हाच प्रकार भोंडला किंवा हादगा म्हणून ओळखला जातो. फेर धरून किंवा टिपऱ्यांच्या तालावर म्हटलेली ही गाणी आपण खेळाची गाणी समजतो. त्यांचा विषय काय असतो? सून माहेरी जाऊ का विचारते. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. वेल लावला तर त्याला फूल येऊ दे, फूल आले तर कारले लागू दे, मग भाजी कर, मग उष्टी काढ. प्रत्येक कडव्यात माहेर एक पाऊल दूर जाते. दुसऱ्या एका गाण्यात सून रुसून माहेरी बसली आहे. सासरा येतो, सासू येते, दीर येतो, नणंद येते, प्रत्येकजण दागिना दाखवितो. ती हलत नाही. शेवटी नवरा चाबूक घेऊन येतो, आणि मग ती निघते. आठ-दहा वर्षांच्या मुली हे हसत हसत म्हणत असत. घरगुती जुलमाचे इतके थेट वर्णन मी त्या इंग्रजी तबकड्यांत वाचलेले नाही. हेही नाच-गाण्यातच आहे, आणि येथेही ठेक्याखाली शब्द झाकले गेले आहेत.

आमच्या झाडीपट्टीकडे येतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीचा मुलूख. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होता, त्यामुळे जुन्या माणसांच्या बोलण्यात भंडारा म्हटले की तो सारा टापू येतो. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या तोरणाखाली झडत्या म्हणण्याची आपली पद्धत आहे. सावकार, पाटील, गावातला कंजूष, बायकोच्या धाकातला नवरा, कोणालाही त्या सोडत नाहीत. ज्याच्यावर झडती आहे तो माणूस तेथेच बैल धरून उभा असतो. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवा.

दंडार ही आपली त्याहून मोठी परंपरा. धान निघू लागले, दिवाळी झाली, भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागली की रात्री दंडार उभी राहायची. आधी नमन, मग गाणे, नाच, सोंग. स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या कामामुळे शिकलेल्या लोकांना ही कला 'आपली' म्हणायची लाज वाटेनाशी झाली. खडी गंमत हा तिचा दुसरा सगा. गाणारे-वाजविणारे शेवटपर्यंत उभेच, म्हणून खडी. ढोलकी, डफ, टाळ, चोनके. दोन शाहिरांचे संच समोरासमोर उभे राहिले की तिला दुय्यम म्हणतात, आणि कलगी-तुऱ्याच्या जुन्या वादाप्रमाणे रात्रभर सवाल-जवाब चालतात. पुराणातील कोडी संपली की गाडी घरावर येते. सासू चांगली की सून, दोन बायकांच्या दादल्याची फजिती, दारुड्या बाप आणि शिकलेला पोर. एक शाहीर मुलाची बाजू घेतो, दुसरा बापाची. पहिल्याने बापाला झोडपले की लोक हसतात. दुसऱ्याने मुलाला झोडपले की तेच लोक पुन्हा हसतात. गावातील बाप आणि गावातील पोर, दोघेही मांडी घालून त्याच मैदानात बसलेले असतात.

बीटल्सच्या गाण्यात दोन आवाज होते. दुय्यममध्येही दोन आवाज आहेत. पण इंग्लंडच्या मुलीचे आईबाप ती तबकडी विकत घेऊन ऐकतीलच याची खात्री नव्हती. आपल्या मंडईत ज्याच्यावर तक्रार आहे तो ऐकणाऱ्यांत बसलेला असे, आणि त्याची बाजू मांडणाराही समोर उभा असे.

मी या परंपरेला उगाच सोन्याचा मुलामा देत नाही. चाबकाच्या गाण्यावर मुली हसल्या म्हणून एकाही सुनेचा चाबूक थांबला, असे नाही. दंडारीतली सून पुरुष करीत होता आणि खरी सून घरी पाहुण्यांचे जेवण रांधत होती. तिची तक्रार तिच्या तोंडून निघतच नव्हती. हा दोष मोठा आहे. आजची मुलगी स्वतः गाते, स्वतः लिहिते, हे त्या मानाने पुढचे पाऊल आहे, आणि तसे म्हणताना मला संकोच वाटत नाही.

आपल्या संतांनी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली होती. नामदेवांच्या गाथेत त्यांची आई गोणाई आणि पत्नी राजाई यांचे बोल आहेत. हा विठ्ठलाच्या नादी लागला, संसाराचे वाटोळे झाले, घरात दाणा नाही, अशी त्यांची तक्रार स्पष्ट शब्दांत आहे, आणि नामदेवांचे उत्तरही आहे. तुकोबांनीही आपल्या कारभारणीचा संताप अभंगात जसाच्या तसा घेतला. आणि हे सारे कीर्तनात, टाळ-मृदंगाच्या घोषात, नाचत गायले गेले. ज्या मीराबाईच्या भजनांवर आपण डोळे मिटून घेतो, ती राजघराण्यातील सून पायांत घुंगरू बांधून नाचली म्हणून सासरच्यांनी तिला विषाचा प्याला धाडला, अशी कथा आहे. आजच्या एखाद्या सुनेने तेच केले तर आपण भजन म्हणू की पोलीस ठाणे गाठू, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

आणि मुक्ताबाई! लोकनिंदेने उद्विग्न झालेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. घरातले सर्वांत लहान भावंड दाराबाहेर उभे राहिले आणि गाऊ लागले. ताटीचे अभंग म्हणून आपण ते जपले आहेत. दार बंद करून बसलेल्या कोवळ्या वयाच्या मुलाच्या घरी काय करावे, याचे याहून जुने उदाहरण मराठीत मला ठाऊक नाही. तिने दार तोडले नाही. निघूनही गेली नाही. आत बसलेल्याला त्याच्याच मोठेपणाची आठवण करून देत ती बाहेर थांबली.

आता आजच्या मंडईकडे पाहा. रात्रीच्या नाटकांची परंपरा टिकून आहे, ही आनंदाची गोष्ट. वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव हिंडतात. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या झाडीला आपला सत्कार झाल्यासारखे वाटले. शंकरपटाच्या निमित्ताने पाहुणे येत आणि रात्री नाटक होई. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबविल्या तेव्हा नाटकांनाही झळ बसली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. नाटकांचे विषय आजही बहुधा घरचेच: वाटणी, दारू, म्हाताऱ्या आईला टाकणारा मुलगा. बायाबापड्या पहाटेपर्यंत पदराने डोळे पुसतात. पण दोन प्रवेशांच्या मध्ये चित्रपटगीतावरचा नाच येतो आणि तेवढ्यापुरती तरुण पोरे उठून पुढे येतात. नाच संपला की ती पुन्हा मंडपाबाहेर. काही गावांत नाटकच गेले आणि नुसता 'डान्स हंगामा' उरला. म्हणजे घराची गोष्ट एकीकडे, ठेका दुसरीकडे. आईबाप एकीकडे, पोरे दुसरीकडे. दंडारीत हे दोन्ही एका मांडवात होते. या तुटण्याची मला डीजेच्या आवाजापेक्षा जास्त काळजी वाटते.

एप्रिल २०१६ मध्ये 'सैराट' आला. त्यावर आपल्या वर्तुळात पुष्कळ उलटसुलट लिहिले गेले. तो वाद मी आज उकरीत नाही. अजय-अतुल यांचे 'झिंगाट' मात्र लक्षात घ्या. त्या वर्षीपासून असे लग्न मी पाहिले नाही की जेथे ते वाजले नाही. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध, जात ओलांडून पळून जाणाऱ्या मुलामुलीच्या चित्रपटातील ते गाणे, आणि त्या चित्रपटाचा शेवट मुलीच्या माहेरच्यांनी केलेल्या त्या दोघांच्या हत्येने होतो. पत्रिका, गोत्र, देणे-घेणे पाहून ठरविलेल्या लग्नात त्यावर वराचे बाप, मामा आणि आजी नाचतात! गाण्याचा अर्थ कोणालाच ऐकू येत नाही. पोराने उद्या खरोखरच जातीबाहेरची मुलगी घरी आणली, की याच मामाचा चेहरा कसा होतो, हे मी बातमीदारीच्या निमित्ताने पाहिले आहे. हत्येपर्यंत गोष्ट जात नाही. बोलणे बंद होण्यापर्यंत मात्र हमखास जाते, आणि ते कित्येक वर्षे बंद राहते.

तरुण मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. तुमच्या गाण्यांत बापाला शिव्या आहेत म्हणून मी तुम्हाला बोल लावणार नाही. २०१९ च्या 'गली बॉय' या चित्रपटातील नायकाचा बाप दुसरी बायको घरात आणतो आणि मुलाची वही-गाणे त्याला चैन वाटते. असे बाप आपल्याही गावात आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. ही गाणी तुम्ही कानात घालून ऐकता. ज्याच्याविषयी ती आहेत त्याला एक अक्षर पोचत नाही. झडती ज्याच्यावर, तो बैल धरून समोर उभा हवा. राग कानातल्या कानात फिरत राहिला की तो गाणाऱ्याच्या खात्यावर पैसे जमा करतो, तुमच्या घरात काहीही बदलत नाही.

आणि बंडाचीच गोष्ट असेल, तर कठोपनिषदातला नचिकेत विसरू नका. बाप यज्ञात म्हाताऱ्या, भाकड गायी दान देऊ लागला. मुलाला ते ढोंग सहन झाले नाही. मला कोणाला देणार, असे त्याने एकदा, दोनदा, तीनदा विचारले. बाप चिडून म्हणाला, जा, तुला मृत्यूला दिला. रागाच्या भरात असे शब्द कोणत्या घरात निघत नाहीत? मुलगा खरोखरच निघून गेला, यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसला. यमाने तीन वर दिले. आत्मविद्येचा वर तिसरा, तो सर्वांना ठाऊक असतो. पहिला वर कोणता मागितला? बापाचा राग शांत व्हावा, मी परतलो की त्याने मला ओळखावे आणि माझ्याशी प्रेमाने बोलावे. एवढे तत्त्वज्ञान पुढे आहे, पण घरातून निघालेल्या मुलाने सर्वांत आधी घराचे दार मागितले. पोलीस ठाण्यातल्या त्या दोन ओळींत हे कधी येत नाही. परत आलेल्या मुलांशी मी बोललो आहे. कल्याणहून, बडनेऱ्याहून आणलेल्या मुलांनी स्थानकावर पहिला प्रश्न केला तो 'बाबा आलेत का?' हाच.

पालकांसाठी एक सूचना मांडतो आणि थांबतो. येत्या मंडईत प्रत्येक गावाने नाटकाआधी एक तास राखून ठेवावा, साधारण आठ ते नऊ. त्या तासात गावातल्याच मुलामुलींनी स्वतः लिहिलेली गाणी म्हणावीत. ठेका त्यांना हवा तो, गिटार असो की ढोलकी. विषय घर. अट एकच, दुय्यमची: मुलाच्या गाण्याला उत्तर द्यायला एक बाप किंवा एक आई समोर उभी राहील, आणि मुलींनी स्वतः गावे, त्यांच्या वतीने कोणी नाच्या नको. सरपंच, मुख्याध्यापक आणि नाटकाचे कंत्राटदार यांनी यावर कुरकुर केली तर त्यांना झडतीत घ्यावे. वाजविण्यासाठी खडी गंमतीचे जुने ढोलकीवाले अजून गावोगाव आहेत. त्यांना चार पैसेही मिळतील आणि पोरांना ताल शिकायला मिळेल.

संयोजकांनी कार्यक्रमाआधी विद्यार्थ्यांना सांगून ठेवले होते की ज्यांना आवडते गाणे ऐकवायचे असेल त्यांनी नावे द्यावीत. माझ्यापुढील चिठ्ठीत पाच नावे आहेत, त्यांत तीन मुली. पहिल्या मुलीने गाण्याचा मराठी सारांशही लिहून आणला आहे, आणि तिची आई दुसऱ्या रांगेत बसली आहे असे तिने खाली लिहिले आहे. ध्वनिक्षेपक तिच्याकडे देतो.